आडनावातला हरवलेला 'आय'

पासपोर्टचा अर्ज अडला तो एका अक्षरावर. आधारवर माझं आडनाव पी-ई-आर-ई-आय-आर-ए. दहावीच्या सर्टिफिकेटवर मधला 'आय' गायब. खिडकीपलीकडच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "श्रीलंकेचे का हो? क्रिकेट खेळतात ते परेरा?" म्हटलं, "नाही साहेब, वसईचा." फाइल परत आली.

साहेबांचं फार चुकलं नव्हतं. पोर्तुगीज १५०५ मध्ये तिकडे पोचले आणि पुढे तिथेही 'आय' गळून परेराच उरलं. माझ्या बाबतीत शाळेत मराठीत 'परेरा' लिहिलं, मग कुणीतरी त्याचंच इंग्रजी केलं.

जुना पुरावा म्हणून चर्चच्या कचेरीत गेलो. फादरांनी कपाटातून लांबुळकी वही काढली. पान उलटलं की कडेचा भुगा टेबलावर. आजोबांच्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, नोंद लॅटिनमध्ये, जॉनचा 'योआनेस' झालेला. आडनाव मात्र 'आय'सकट, वरचं टिंबसुद्धा ठसठशीत! त्या टिंबाचा मी मोबाइलवर वेगळा फोटो काढला.

मूळ शब्दाचा अर्थ नासपतीचं झाड. आमच्या वाडीत केळी, पानवेल; नासपती औषधालाही नाही. उत्तर पोर्तुगालमधल्या एका जहागिरीचं हे नाव. १३८५ साली पोर्तुगालमधल्या अल्जुबारोटाला शेजारच्या कॅस्टिल राज्याच्या (आताच्या स्पेनमधल्या) फौजेला हरवणारा सेनापती नुनो आल्व्हारिश परेरा त्याच घराण्यातला. २००९ मध्ये तो संतही झाला. आता कुणी "तुमच्यात पोर्तुगीज रक्त?" असं विचारलं की मला हसू येतं. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्याकडे होती. त्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्याला बहुधा धर्मपित्याचं (गॉडफादरचं) नाहीतर पाद्रीचं आडनाव मिळे. म्हणून एकाच गावातल्या दोन परेरांचं नातं असेलच असं नाही. १४९७ मध्ये पोर्तुगालमधल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं, त्यांनाही अशीच आडनावं चिकटली. १८५२ मध्ये पॅरिसला मोठी बँक काढणारे परेर बंधू अशाच एका घराण्यातले. तिकडे जबरदस्ती होती. आमच्या पूर्वजांचं काय झालं ते त्या वहीत लिहिलेलं नाही.

मग प्रतिज्ञापत्र. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने सवयीने मराठीत बडवायला घेतलं: "माझे जुने आडनाव परेरा असून यापुढे मी परेरा या आडनावाने ओळखला जाईन." हात थांबवून तो म्हणाला, "काका, यात बदललं काय?"

शेवटी इंग्रजीत करून घेतलं. राजपत्रात नाव छापून आलं, त्याची प्रत जोडली, पोलिस घरी येऊन चहा पिऊन गेले आणि पासपोर्ट आला. आता पॅन कार्ड राहिलंय. त्यावर 'आय' आहे, पण 'ई'च्या आधी.