नाक नाही, झगा नाही, तरी बाबा यागा

इथे पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात बाबा यागा, म्हणजे लोककथांतली म्हातारी चेटकीण, कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शाळेच्या मैदानात पोरं खेळतात: एकजण भिंतीकडे तोंड करून 'राझ, द्वा, त्शी, बाबा यागा पात्शी' (एक, दोन, तीन, बाबा यागा बघतेय) म्हणतो आणि गर्रकन वळतो. हलताना दिसला तो बाद. आपला स्टॅच्यूच जवळजवळ.

परवा नाट्यविद्यार्थ्यांच्या एका गटाने प्रयोगाची सुरुवातच या खेळाने केली. विशीतली मुलगी, राखाडी पँट, अनवाणी, पाठ आमच्याकडे. नकली नाक नाही, पांढरा विग नाही. ती वळली आणि मागचे चौघं होते तसे थिजले, कुणाचा पाय हवेत, कुणाचा श्वास अर्ध्यावर. तिचं म्हातारपण फक्त मणक्यात होतं. रशियन कथांत तिचा एक पाय हाडाचा असतो. हिने तो पाय गुडघ्यात न वाकवता कमरेतून उचलून टाकला, आधी टाच, मग तळवा. लाकडी जमिनीवर दर वेळी तोच कोरडा आवाज. थोड्या वेळाने नुसता आवाज आला तरी पोटात गोळा यायला लागला.

आणि यागाची ती झोपडी! कथांत कोंबडीच्या पायांवर उभी असणारी. दोघं पाठीला पाठ लावून, तिसरी त्यांच्या खांद्यांवर आडवी, झालं छप्पर. खालच्या दोघांच्या टाचा सतत वर. पाय उचलताना बोटं आधी मिटायची, टेकवताना पसरायची. अंगणात चालणारी कोंबडी नीट बघितली असेल तर कळेल मी काय म्हणतेय. मग अख्खी झोपडी आमच्याकडे वळली, हळूहळू, तोल सांभाळत. मी दुसरं काही बघूच शकले नाही. त्या दोघांच्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि ती थरथरसुद्धा झोपडीची वाटत होती.

माझ्यातली पुणेकर लगेच जागी झालीच. माणसांची भिंत आपण 1972 मध्ये 'घाशीराम'मध्ये उभी केली होती आणि तीही नाचती-गाती. दशावतारातला संकासुर नुसता चालत आला तरी पोरं आईला बिलगतात. शरीराची रंगभूमी आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण या शहराने त्यावर आयुष्यं घालवली आहेत, हेही खरं. हेन्रिक तोमाशेव्स्कींनी 1956 मध्ये इथे मूकनाट्याची संस्था उभी केली. दिग्दर्शक येर्झी ग्रोतोव्स्की 1965 मध्ये ओपोले शहरातून आपली नाट्य-प्रयोगशाळा इथे घेऊन आले. नेपथ्य, रंगभूषा, संगीत सगळं काढलं तरी नट आणि प्रेक्षक उरले की नाटक होतं, हे त्यांचं म्हणणं. पुण्यात आम्ही एकांकिका बसवायचो तेव्हा तालमीला जागा मिळायची ती दोन-तीन तास, तीही कुणाच्या तरी मेहेरबानीने. त्यात तासभर नुसतं चालायचा सराव कोण करणार? शब्द पाठ होते, म्हणून आम्ही शब्दांवर नाटक उभं केलं. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

इथला एक नियम मात्र खटकतो. दार बंद झालं की कुणालाही आत घेत नाहीत. ट्राम रखडली म्हणून माझी नाशिकची मैत्रीण बाहेरच राहिली, तिकीट हातात धरून. मागच्या रांगेत एक खुर्ची ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

वासिलिसाचा प्रसंग सगळ्यात धाडसाचा होता. रशियन लोककथा गोळा करणाऱ्या अफानास्येव यांनी एकोणिसाव्या शतकात छापलेल्या कथेत ही मुलगी विस्तव मागायला यागाकडे जाते. यागा तिला मातीतून खसखस वेगळी करायला बसवते आणि शेवटी डोळे पेटलेली कवटी देते. लोककथांचे अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी 1946 मध्ये मांडलं की यागा म्हणजे मृतांच्या प्रदेशाच्या वेशीवरची राखणदार. या मुलांनी तिला दुष्टही केलं नाही आणि बिचारीही केलं नाही. वासिलिसा निवडत बसली होती आणि मागे यागाची बोटं हवेत तेच निवडत होती, तिच्याआधी अर्धा क्षण. म्हणजे हे काम तिने कधीतरी स्वतः केलंय. एक शब्द न बोलता केवढं सांगितलं!

चेटकीण म्हटलं की मी बिचकते. आपल्या सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही. पोलंडमध्येही बायका जाळल्या गेल्या. चेटुकासाठीची देहदंडाची शिक्षा इथल्या संसदेने 1776 मध्ये रद्द केली. म्हणूनच एकट्या म्हातारीचं शरीर इतक्या आदराने उभं केलेलं बघून मला बरं वाटलं.

इथल्या मराठी मंडळींपुढे आता मी हडळ ठेवली आहे. मेकअप नाही, हिरवं लुगडं नाही, फक्त उलटी पावलं, आणि ती शरीराने कशी दाखवायची ते तालमीत शोधायचं. 'मुलं घाबरतील' असं काहींचं म्हणणं आहे. घाबरू देत. तिघी तयार झाल्यात आणि हॉलची चौकशीही मी केली आहे.