पहिली प्रेस: खांद्याचा फरक सहा थाऊवरून दोनवर

उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या प्रेसमध्ये दाबून मापात आणायच्या आणि पुन्हा भरायच्या, हे काम चालू आहे. मागच्या नोंदीत .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या पुंगळ्यांपाशी गाडी अडली होती. डाय (प्रेसमध्ये बसणारा साचा) हलवली नाही, तरी खांदा (मानेखालचा उतार) दर पुंगळीला वेगळ्या जागी. ते कोडं सुटलं, आणि पहिली प्रेस कोणती घ्यावी याबद्दलचं आधीचं मतही त्यासोबत बदललं.

आधी आकडे. बुडापासून खांद्यापर्यंत मोजणाऱ्या कंपॅरेटरला डी-४०० बुशिंग (खांद्यावर टेकणारी कडी), रायफल बोल्ट ॲक्शन, उडवलेल्या पुंगळीचं माप १.६३३ इंच. शिकारीच्या रायफलीला खांदा दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मागे पुरतो, म्हणजे लक्ष्य १.६३१. ॲल्युमिनियमच्या छोट्या सी-फ्रेम प्रेसवर २० पुंगळ्या एका सेटिंगवर साइझ केल्या, म्हणजे डायमध्ये दाबून मापात आणल्या, तर मापं १.६२८ ते १.६३४ अशी पसरली. साइझ केलेली पुंगळी उडवलेल्यापेक्षा लांब भरते ती अशी: डाय आधी अंग दाबते, दाबलेलं पितळ वर सरकतं आणि खांदा पुढे ढकलला जातो. डायचा खांदा तिथवर पोचला नाही, तर तो पुढेच राहतो आणि बोल्ट जड बसतो.

१.६२८ वाल्या पुंगळीवर बोल्ट अलगद बंद होतो, पण धोका तिच्यातच जास्त. दर वेळी उडवताना ती बुडाच्या जरा वर ताणली जाते. पुढच्या काही भरण्यांत तिथे चकचकीत कडं उमटतं. पेपरक्लिपचं टोक काटकोनात वाकवून आतल्या भिंतीवरून वर ओढा. खाचेत अडकलं, तर पुंगळी पकडीने चेपून भंगारात टाका.

पहिला संशय फ्रेमवर होता आणि तो खोटा नव्हता. डायमागे टॉर्च धरा. रॅम (पुंगळी वर नेणारा दट्ट्या) रिकामा वर नेला, तर डाय आणि शेलहोल्डर (पुंगळीचं बूड धरणारी पकड) यांच्यात उजेड दिसत नाही. वंगण लावलेली पुंगळी घालून तोच दांडा दाबला, की उजेडाची बारीक रेघ दिसते. तीन थाऊची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) तिथे आरामात गेली. म्हणजे जोर पडला की फ्रेम तेवढी उघडते. डाय आणखी खाली घ्यावी असं इथे वाटतं, पण ७/८-१४ आट्यांना एक फेरा म्हणजे ७१ थाऊ, आणि एक थाऊ म्हणजे जेमतेम पाच अंश. हाताने लॉक रिंग (डाय जागेवर धरणारी कडी) आवळतानाच तेवढं फिरतं.

पण फ्रेम दर वेळी सारखीच उघडली असती, तर माप चुकलं असतं, पसरलं नसतं. पसरतंय म्हणजे लागणारा जोरच दर पुंगळीला बदलतोय. इथे गाठ सुटली. त्या २० मध्ये एकदा उडवलेल्या आणि चारदा उडवलेल्या पुंगळ्या मिसळलेल्या होत्या. पितळ दर भरणीला कडक होतं, आणि कडक पितळ दाबल्यावर जास्त उसळून मागे येतं. वेगळ्या केल्यावर चारदा उडवलेल्या सगळ्या वरच्या टोकाला निघाल्या.

दुसरं कारण वंगण. स्प्रे मारून लगेच साइझ करणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई आहे. स्प्रेतला द्रव उडून जायला काही मिनिटं लागतात, नाहीतर एक पुंगळी घसरते आणि पुढची अडकते. अडकलीच, तर दांड्यावर लटकू नका. बूड भोकून १/४-२० टॅप मारा आणि बोल्टने ओढून काढा. इम्पीरियलचं मेण बोटावर नखाएवढं घेऊन अंगाला पुसलं, की जोर एकसारखा लागतो. खांद्यावर मात्र नको, साचलं तर खळगा पडतो. मानेच्या आत नायलॉन ब्रशने थोडी ग्रॅफाइट फिरवा. कोरड्या मानेतून एक्स्पांडर बॉल (मान आतून रुंदावणारा गोळा) परत येताना मान आणि खांदा दोन्ही वर ओढतो.

त्याच जुन्या प्रेसवर, भरणीप्रमाणे पुंगळ्या वेगळ्या करून, मेण लावून आणि रॅम वर असताना तीन सेकंद थांबून पुन्हा २० केल्या. १.६३० ते १.६३२. सहाचे दोन झाले, आणि नवीन प्रेस अजून घेतलीही नव्हती! बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून तपासलं, तर वीसही पुंगळ्यांवर हँडल स्वतःच्या वजनाने खाली आलं.

मग बिडाची प्रेस हवी का? हवीच. सी-फ्रेम एका बाजूने उघडी असते, ओ-फ्रेमला जोर दोन्ही बाजूंनी पेलता येतो. मात्र वर्षाला साठ-सत्तर काडतुसं करणाऱ्याला सिंगल स्टेज, म्हणजे एका वेळी एकच काम करणारी प्रेसच पुरते. एका दाबात अनेक कामं करणाऱ्या प्रोग्रेसिव्हच्या वाटेला जाऊ नये, कारण एकेक पायरी डोळ्यांनी बघण्यातच सुरक्षितता आहे. रॉक चकर सुप्रीम ही प्रेस दणकट आहे, पण उडालेले प्रायमर (बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोप्या) आणि त्यांची काजळी रॅमवर सांडते. ली कंपनीच्या क्लासिक कास्ट प्रेसमध्ये प्रायमर पोकळ रॅममधून थेट नळीत जातात. काजळीत शिसं असतं, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर हा फरक किमतीपेक्षा मोठा. लीची ओ-रिंगवाली लॉक रिंग मात्र बदला. आडव्या स्क्रूने आवळणारी फोर्स्टरची घ्या.

आतापर्यंत यादीत वर फोर्स्टरची को-ॲक्स प्रेस होती. डाय सरकवून बसवायची, ती आपोआप मध्यावर येते, हे सुख खरंच आहे. पण फीलर पट्टीच्या प्रयोगाने वेगळा विचार सुचवला: रेडिंगचे कॉम्पिटिशन शेलहोल्डर. पाचांचा संच, नेहमीच्या ०.१२५ इंचापेक्षा २, ४, ६, ८ आणि १० थाऊ उंच. डाय शेलहोल्डरवर घट्ट टेकवून कायमची आवळायची. दर वेळी लोखंडाला लोखंड भिडतं, त्यामुळे पुंगळी कडक असो वा मऊ, रॅम तिथेच थांबतो. १० पासून सुरू करून माप जमेपर्यंत उतरत जायचं. डायला हातच लावायचा नाही. को-ॲक्सला नेहमीचा शेलहोल्डर नसून सरकते जबडे असतात, म्हणजे तिथे वेगळा ॲडॅप्टर आला. म्हणून सध्या क्लासिक कास्ट आणि हा संच, असं ठरलं.

टेबलाकडेही बघा. दांडा दाबताना फळी लवत असेल, तर कोणतीही प्रेस हाताला खोटं सांगते. खालून पोलादी पट्टी लावून बोल्ट आरपार घ्या.

चारदा उडवलेल्या पुंगळ्यांचं ॲनीलिंग, म्हणजे तापवून मान मऊ करणं, बाकी आहे. मानेच्या आत ७५० अंश फॅरनहाइटचा टेम्पिलॅक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा लेप), खांद्याखाली ४७५ चा. खालचा वितळला तर ती पुंगळी बाद, कारण मऊ झालेलं बूड दाब झेलू शकत नाही. मग लांबी मोजून २.०१५ च्या वरच्या सगळ्या २.००५ वर ट्रिम. पावडरचं वजन इथे येणार नाही. ते आपल्या बुलेटच्या मॅन्युअलमधूनच घ्या, आणि सुरुवातीच्या आकड्यापासून.

पेनसिल्व्हेनियात हरणाचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. त्याआधी +४ च्या शेलहोल्डरवर २० जुन्या आणि २० नव्या पुंगळ्या शेजारी शेजारी मोजून होतील.