सांगली ते अंदमान, पाण्यावरून

आबांच्या कानाचं ऑपरेशन झालं होतं आणि काही महिने विमानात बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंदमान मात्र त्यांना याच हिवाळ्यात बघायचं होतं. अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा भोगलेले बाबाराव सावरकर, विनायकरावांचे थोरले भाऊ, अखेरीस सांगलीत राहिले, 1945 साली इथंच गेले. आबांच्या लहानपणी त्यांना पाहिलेली माणसं गल्लीत होती. "त्यांना बोटीनंच न्हेलं नव्हं? मग आपण बी तसंच जाऊ," आबा म्हणाले. अडचण आईची होती. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, आमचा तळमजला बुडाला. तेव्हापासून कृष्णा दुथडी भरली तरी आई घाटाकडे फिरकत नाही. तिला राजी करायला दिवाळी ते संक्रांत एवढा वेळ लागला.

फेब्रुवारीत निघालो. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळुरू, तिथून दुसऱ्या गाडीने चेन्नई. पोर्ट ब्लेअरला (2024 पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) प्रवासी जहाजं चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून सुटतात. सांगलीकरांना चेन्नई सोयीची. महिन्यात मोजक्याच फेऱ्या असतात आणि वेळापत्रक फार आधी लागत नाही. म्हणून आधी जहाजाचं तिकीट, मगच रेल्वेचं. आम्ही उलटं केलं आणि रेल्वेची तिकिटं दोनदा रद्द केली. अंदमानच्या रहिवाशांना भाड्यात सवलत असते, आपल्याला जास्त दर लागतो. तो कमी करून देतो म्हणणारा एजंट आम्हाला चेन्नईत भेटला. त्याच्या नादी लागू नका, चढताना मूळ ओळखपत्र तपासतात.

वर्ग निवडताना घाई करू नका. सर्वांत स्वस्त बंक क्लास, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये एकावर एक बर्थ. तरुणांना तो चालेल. सोबत म्हातारी माणसं असतील तर केबिनच घ्या आणि खालचे बर्थ मागून घ्या. जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या डेकवर हेलकावे कमी जाणवतात. अगदी पुढच्या टोकाची केबिन टाळा. जहाजावर चढायचा जिना उभा असतो, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांच्या हातात पिशवी देऊ नका.

सुटायची वेळ हवामानावर हलते. आमचं जहाज सकाळचं होतं, ते दुपारी हललं. चेन्नईत जाताना एक आणि येताना एक मोकळा दिवस ठेवाच, परतीची गाडी त्याच संध्याकाळची काढू नका.

किनारा दिसेनासा झाला की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते. घरी आधीच सांगून ठेवा, "तीन दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका." चेन्नई ते पोर्ट ब्लेअर सरळ रेषेत सुमारे 1,350 किलोमीटर, आणि प्रवास साधारण 60 तासांचा. म्हणजे ताशी बावीस-तेवीस किलोमीटर, आपल्याकडे ऊस भरलेला ट्रॅक्टर रिकामा परतताना पळतो तेवढा वेग. पण जहाज रात्रंदिवस थांबत नाही.

पहिल्या रात्री मला बोट लागली, आबांना आणि आईला काही नाही. मळमळीची गोळी मी उलटी सुरू झाल्यावर घेतली, तिथंच चुकलो. ती जहाज हलण्याआधी तासभर घ्यायची असते. वयस्करांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पोट रिकामं ठेवू नका, तेलकट खाऊ नका, केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा. मला त्यानंच बरं वाटलं. जेवणात भात-सांबार हमखास. आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तीन दिवस पुरली. भडंग मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, साध्या पिशवीतलं समुद्राच्या हवेनं एका रात्रीत सादळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई प्रथमच डेकवर आली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. खाली पाणी इतकं गडद निळं की सावलीत काळंच वाटावं. जहाजाच्या बाजूनं चांदीच्या पात्यासारखे उडते मासे निघत होते, पाण्याला टेकून पुन्हा उडत होते. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "आपल्या पुलाच्या हिशेबानं इथं किती फूट असंल?" मी म्हटलं, "दहा हजाराच्या आसपास." ती काही बोलली नाही. पण त्यानंतर रोज संध्याकाळी आपणहून वर यायची, आणि आबांना म्हणायची, "हितलं पाणी घरात शिरत न्हाई, एवढं बरं."

सूर्य रोज लवकर उगवतो, हे आबांनी पकडलं. घड्याळ तेच, पण सांगलीहून पोर्ट ब्लेअर अठरा अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य सत्तर मिनिटांवर आधी. फेब्रुवारीत तिथं संध्याकाळी साडेपाचच्या आत मावळतो, तेव्हा फिरण्याचा दिवस पहाटेच सुरू करा.

तिसऱ्या रात्री आबा झोपले नाहीत. 1911 साली विनायकराव सावरकरांना मद्रासहून 'महाराजा' बोटीनं याच पाण्यावरून नेलं, बाबाराव त्याआधीच तिथं पोचले होते. विमानानं दोन-सव्वादोन तासांत उतरलो असतो, तर काळं पाणी हा शब्द मला एवढा लांबरुंद कळला नसता. त्यांना ठेवलेल्या सेल्युलर कारागृहाच्या सात हातांपैकी, म्हणजे लांब इमारतींपैकी, तीनच आज उभे आहेत. तिथं जायला पहिला दिवस ठेवू नका. जमिनीवर उतरल्यावरही दिवसभर पायांखाली हलत राहतं आणि तिथल्या पायऱ्या बऱ्याच आहेत.

जायचं तर डिसेंबरअखेर ते एप्रिल. पावसाळ्यात समुद्र खवळतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात चक्रीवादळांची भीती. परतीचं तिकीट पोचल्याबरोबर पक्कं करा. पोर्ट ब्लेअरच्या हॅडो धक्क्यावर उतरताना आबांनी वाकून जमिनीला हात लावला आणि आईनं विचारलं, "परतीची बोट कधीची हाय?"