टोंगळ्यातली रक्ताची सुई: तुम्ही विचारलंत म्हणून

कापसाची वेचणी आटोपली की शुगर तपासायला आलेलं माणूस जाता जाता हमखास विचारतं, "भाऊ, टोंगळ्यात आपल्याच रक्ताची सुई देतात म्हणे. घ्यावी काय?" मी डॉक्टर नाही, तालुक्याच्या लॅबमधला तंत्रज्ञ. पण त्या रक्ताचं काय करतात ते सांगू शकतो.

टोंगळ्यातली, म्हणजे गुडघ्यातली, ही सुई म्हणजे पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा). हातातून काढलेलं रक्त गोठू नये म्हणून सायट्रेटच्या नळीत घेतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग दुखऱ्या सांध्यात टोचतात. डेंग्यूत ज्यांचा आकडा ऐकून घर हादरतं, त्याच या प्लेटलेट. निरोगी माणसात मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख, पीआरपीत त्याच्या काही पट. जखम भरायला लागणारे घटक त्यांच्यात असतात, म्हणून ही खटपट.

आता सांध्यातल्या हाडांमधली घासलेली गादी यानं भरून येते का? ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२१ साली आला. गुडघ्याची झीज सौम्य ते मध्यम. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. वर्षभरानं दुखण्यात आणि गादीच्या झिजेत सांगण्यासारखा फरक नव्हता. काही लहान चाचण्यांत आराम दिसलाय, हेही खरं. पण वावर गहाण ठेवून घ्यावी अशी ही सुई नाही. स्टेम सेलच्या, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळपेशींच्या सुईमागेही धावू नका; गुडघ्यासाठी अशा एका उत्पादनाला आपल्याकडे २०२२ साली परवानगी मिळाली, बाकी बहुतेक अजून संशोधनातच आहे.

त्यापेक्षा मांडीच्या स्नायूंचा व्यायाम शिकून घ्या, वजन उतरवा, निंदण उकिडवं बसून तासन्‌तास करू नका. (शेवटचं सांगताना मलाच हसू येतं. निंदण उभ्यानं कोण करतं?)

"मशीन तर तुमच्याकडेच आहे, स्वस्तात करून द्या ना," असंही एक काकाजी म्हणाले. नाही जमत. माझ्या नळ्या तपासणीच्या आहेत. त्यातलं रक्त सांध्यात गेलं अन् पू झाला, तर टोंगळा कायमचा जाईल.

आणि ठरवलंच असेल, तर वेचणीभर खाल्लेल्या दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच सांगा. त्या प्लेटलेटचं काम मंदावतात, म्हणून सुईआधी काही दिवस बंद करायला सांगतात. हृदयासाठी सुरू असलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनानं सोडू नका.