एप्रिलातलं तोरणमाळ: आधी उतरायची वेळ ठरवा

तोरणमाळ म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्यावरचं थंड हवेचं ठिकाण. तिथला घाट उजेडातच उतरायचा, हे आम्ही सगळ्यात आधी ठरवलं आणि बाकीचं वेळापत्रक तिथून मागे मागे आखत आलो. एप्रिलात आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो, पण सातपुड्याच्या दऱ्यांत त्याच्या बरंच आधी अंधारून येतं. म्हणजे चारला वरून निघायचं. वर निवांत पाच-सहा तास हवेत, तर दहाच्या आत पोचायचं. म्हणून पहाटे पाचला धुळं सोडलं.

पहाटेचं आणखी एक कारण म्हणजे आपलं खान्देशी ऊन. पारा ४३-४४ वर गेला की डांबर तापतं आणि हवा कमी असलेलं टायर आणखी तापून फुटतं. हवा आदल्या संध्याकाळी गाडी पूर्ण गार झाल्यावर तपासून घेतली. तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसते म्हणून ती सोडायची नसते, हे कितीतरी जणांना माहीत नसतं. स्टेपनी, जॅक, पाना, कूलंट सगळं पाहिलं. माणशी पाच लिटर पाणी घेतलं, गाडीसाठी वेगळा कॅन. डब्यात कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदे आणि जलसंजीवनीची पाकिटं.

दोंडाईचा, सारंगखेडा, तापीचा पूल करत शहादा गाठलं. दोन्ही बाजूंना केळी आणि पपईचे मळे. इथेच टाकी पूर्ण भरून घ्यावी, पुढे पंप मिळेल या भरवशावर राहू नये. नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवला होता, कारण डोंगरात रेंज येते-जाते. घरी थोरल्या भावाला सांगून ठेवलं, "सातपर्यंत आमचा फोन आला नाही तर ११२ ला कळव, रस्ता म्हसावद-राणीपूरचा सांग." माणूस कुठल्या रस्त्याने गेलाय हे घरच्यांना ठाऊक असलं की शोधणाऱ्यांचा अर्धा वेळ वाचतो.

म्हसावदच्या पुढे मळे संपतात आणि राणीपूरनंतर जंगल लागतं. मोहाचे दिवस होते. झाडांखाली फिकट पिवळी फुलं सांडलेली, काही थेट डांबरावर, आणि बायका-पोरं वाकून ती टोपल्यांत वेचत होती. अशा ठिकाणी गाडी वीस-पंचवीसच्या वर नेऊच नये. पोराचं लक्ष फुलांकडे असतं, आपल्या हॉर्नकडे नाही. एका आजींना रस्ता विचारला. त्यांनी हात वर करून वळणं दाखवली आणि म्हणाल्या, "हळू जाजो भाऊ."

मग सात पायरीचा घाट. तापीकाठच्या सपाटीवरून सुमारे ११५० मीटर उंचीवर जायचं असतं. एसी बंद, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, नजर एंजिनच्या तापमानाच्या काट्यावर. काटा चढायला लागला की रुंद जागा बघून थांबायचं, बॉनेट उघडून गार होऊ द्यायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजतं. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, कारण चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणं अवघड. वरून आलेल्या एका प्रवासी जीपवाल्या दादांनी आम्हाला पाहून वळणाआधीच गाडी डोंगराकडे दाबली आणि हातानं "या" म्हटलं. त्या एका हातानं फार धीर आला.

वर यशवंत तलावावर वारा होता. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते, आणि तो फरक अंगाला कळतो. गोरक्षनाथांचं दर्शन घेतलं, सीताखाई दरीच्या काठावर बसून भाकरी खाल्ली. तिथला धबधबा पाहायचा तर पावसाळ्यातच यावं. पण उन्हाळ्यातला तिथला उघडा कातळही मला फार आवडला.

चारला निघालोच. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो. इंधन वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं, आणि ब्रेक सतत दाबून ठेवले की तापून पकड सोडतात. अधूनमधून दाबायचा, सोडायचा, बाकी गाडी एंजिनवर धरायची. जळका वास आला तर लगेच थांबायचं.

महाशिवरात्रीच्या यात्रेत इथे प्रचंड गर्दी असते, होळीच्या आठवड्यात सातपुड्यातले बाजार आणि रस्ते माणसांनी भरलेले असतात. तेव्हा जायचं तर वेळेचा हिशोब सैल ठेवा. आणि पावसाळ्यात तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे जाणार असाल, तर तिथे दरडी कोसळतात. आदल्या दिवशी तळोद्यात जीपवाल्यांना विचारूनच निघा.