सकाळी गोड, संध्याकाळी कडू

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या परमिट रूममध्ये संत्र्याचं कॉकटेल मागणारं गिऱ्हाईक आता नवलाचं राहिलं नाही. पण त्या दिवशी पार्टी संत्र्याच्याच व्यापाऱ्याची होती. फेब्रुवारी महिना, मृगबहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांचा माल. चाळीस माणसं आणि अट एकच: रस आमच्याच बागेचा. दुपारी चारला त्यांच्या माणसानं दहा लिटरची कॅन आणि फळांचे दोन क्रेट आणून उतरवले. रस सकाळी घरीच मिक्सरमधून काढलेला.

चमचाभर चाखला. आधी गोड, मग जिभेच्या मुळाशी असा कडवटपणा बसला की पाणी पिऊनही जाईना.

"भाऊ, सकायी तं मस्त गोड होता!"

तो खोटं बोलत नव्हता. संत्र्याच्या फोडींवरच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बिनचवीचं द्रव्य असतं. रस काढला की त्याची गाठ आंबटाशी पडते आणि काही तासांत त्याचं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य होतं. दहा लाख भागांत सहा भाग असलं तरी जिभेला कळतं. मिक्सरनं बिया फोडल्या, कॅन उन्हात फिरली. मग व्हायचं तेच झालं. यात साखर ओतून भागत नाही, गोडव्यामागून कडू येतंच. स्वयंपाकघरातून सूचना आली की आटवून चिकन विंग्जना चोपडू. मी नको म्हटलं. उकळलं की कडवटपणा आणखी वाढतो. कॅन मोरीत गेली.

आठपर्यंत वेळ होता, म्हणून सालीकडे वळलो. नागपुरी संत्र्याची साल सैल, हातानं सुटते. आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून काढायचा, नाहीतर तोही कडूच. एक किलो साल, एक किलो साखर. हातानं चोळून झाकून तीन तास. साखर सालीतलं तेल ओढून घेते. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून गाळायचं. सोललेल्या फोडी चाट मसाला लावून चकण्याला गेल्या.

रसासाठी वेगळी फळं आडवी कापली आणि हाताच्या प्रेसवर हलकेच दाबली. बी अख्खी निघाली पाहिजे. शेवटचा थेंब पिळायचा मोह आवरायचा, फडकं तर मुळीच पिळायचं नाही. एका वेळी लिटरभरच, तोही बर्फात ठेवून, तासाभरात संपवायचा. एका ग्लासाचं माप: ४५ मिली जिन, ४५ रस, १५ लिंबू, १५ सालीचा पाक, चिमूटभर मीठ. संत्र्याला स्वतःचा आंबटपणा कमी, लिंबाशिवाय ते शरबतच लागतं. दहा-बारा सेकंद जोरात हलवून दोनदा गाळायचं.

विंग्जना तोच पाक लावला, पण तळून झाल्यावर, गॅस बंद करून. तेल उडून गेलं तर वासच राहत नाही. सोबत छोट्या पावात सावजी खिमा. त्याची तर्री आधी निथळून घ्यावी लागते, नाहीतर पावाचा लगदा होतो. त्याच तर्रीत पाव तव्यावर भाजला. मसाला मात्र हात राखून, कारण दारूबरोबर तिखट जास्तच झोंबतं आणि मग संत्र्याचा वासही कळत नाही.

उरलेला पाक तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवला. २० मिली पाक, लिंबू आणि सोडा: फॅमिली सेक्शनमधल्या पोरांना दुसऱ्या दिवशी तेच दिलं.