प्रूफरीडिंगचा सराव करायचाय? आपल्या गावाचा विकिपीडियावरचा लेख उघडा

प्रूफरीडिंग शिकायचंय, सराव कशावर करू, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे, मराठी विकिपीडिया उघडा आणि आपल्या भागातला एखादा लेख घ्या. सरावाच्या पुस्तकांतल्या उताऱ्यांवर हात बसत नाही कारण तिथे चुका मुद्दाम पेरलेल्या असतात. खऱ्या लेखात ऱ्हस्व-दीर्घ सगळं ठीक असतं आणि वाक्य मात्र काहीच सांगत नसतं, आणि खरं काम तिथेच असतं.

शुद्धलेखन पाठ हवंच, त्यात सूट नाही. वकील पण वकिलांनी, सून पण सुनेला, आणि शरीर तत्सम म्हणून शरीराला, हे विचार न करता यायला हवं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम काही फार नाहीत, आठ-पंधरा दिवस रोज वाचले की डोक्यात बसतात. पुढचं मात्र नियमात सापडत नाही.

मी मालवणात राहते, त्यामुळे उदाहरण समोरच्या किल्ल्याचंच देते. समजा लेखात असं वाक्य आहे: 'सिंधुदुर्ग या निसर्गरम्य किल्ल्याचे निर्माण शिवाजी महाराजांच्या द्वारे १६६४ मध्ये केले गेले होते.' 'च्या द्वारे केले गेले' हे मराठीत कुणी बोलत नाही, ते भाषांतरातून आलंय हे लगेच कळतं. 'निसर्गरम्य' काढायचं, कारण कोकणातल्या प्रत्येक लेखात प्रत्येक गाव निसर्गरम्यच असतं आणि ज्ञानकोशाला जाहिरात करायची नसते. मग सरळ 'शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधला' असं करून मोकळं व्हावंसं वाटतं, पण थांबा. १६६४ च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं, पुरं व्हायला पुढे तीनेक वर्षं गेली. म्हणजे 'बांधला' नाही, 'बांधायला घेतला'. वाक्य सुटसुटीत करताना अर्थ सरकला तर ती दुरुस्ती नव्हेच, आणि ही सवय विकिपीडियावर जितकी पक्की होते तितकी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तिथे प्रत्येक बदल लेखाच्या 'इतिहास' पानावर दिसतो, जुनं आणि नवं शेजारी-शेजारी, आणि पटलं नाही तर कुणीही तुमचा बदल मागे फिरवू शकतो. म्हणून बदलाच्या आढाव्यात, म्हणजे सेव्ह करताना भरायच्या ओळीत, कारण लिहायचं. 'सुधारणा' एवढंच लिहून चालत नाही, काय सुधारलं आणि का ते एका ओळीत सांगता येत नसेल तर तो बदल करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्यांदा करत असाल तर धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर करा, तिथे वाटेल तेवढं खोडा आणि परत लिहा.

दुसरी गोष्ट, आपल्याकडचे शब्द जपा, ह्यावर माझा फार जीव आहे. मासेमारीच्या लेखात 'रापण' आली की शहरातला संपादक ते 'मोठे जाळे' करून टाकतो. अहो, रापण म्हणजे नुसतं जाळं नाही, होडीतून ते पाण्यात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांना माणसं किनाऱ्यावर उभी राहून ओढतात, आणि ओढणाऱ्या त्या मंडळींच्या गटालासुद्धा रापणच म्हणतात, मिळालेल्या मासळीत त्यांची वाटणी असते. शब्द ठेवायचा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात त्याचा अर्थ द्यायचा. प्रमाणभाषेत आणणं म्हणजे गावचं पुसून टाकणं नव्हे.

आता सगळ्यात अवघड भाग, चुकीची माहिती. 'लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला' हे वाक्य कोकणात इतक्या ठिकाणी लिहिलंय की खोटं वाटतच नाही. त्या दिवशी खग्रास ग्रहण होतं हे खरं, पण लॉकियर, हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, तेव्हा भारतात नव्हते. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते आणि ते गुंटूरला. लॉकियरनी सूर्याच्या वर्णपटातली, पुढे हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडातून, ग्रहण नसताना. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेनी पृथ्वीवरसुद्धा हेलियम शोधला होता, १८९५ मध्ये.

मग असं वाक्य दिसलं की करायचं काय? प्रूफरीडरचा पहिला मोह असतो की गपचूप बरोबर करून टाकावं आणि 'छोटा बदल' वर टिक करावी. हे अजिबात करू नका. भाषा सुधारणं आणि माहिती बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या बदलांत करायची. आधी वाक्यरचना नीट करा, सेव्ह करा. मग चर्चा पानावर मुद्दा मांडा, संदर्भ द्या, लोकांना बोलायला वेळ द्या, आणि मगच मजकुराला हात लावा. छापखान्यातही हेच चालतं, शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह टाकून लेखकाकडे पाठवायचं, आपणच लेखक व्हायचं नाही.

हे सगळं मी घरी सांगत होते तर भाची म्हणाली, 'आत्या, मग विजयदुर्गावरच्या साहेबाच्या ओट्यांचं काय, ते पण काढणार?' काढायचं कशाला? ओटे आहेत, लॉकियर साहेबांनी तिथूनच हेलियम शोधला असं लोक सांगतात, तर 'स्थानिक लोकांच्या सांगण्यानुसार' असं लिहून तो मजकूर ठेवायचा. आणि १८९८ ला स्वतंत्र परिच्छेद द्यायचा, कारण त्या ग्रहणासाठी खरोखरच मोठी तुकडी दुर्बिणी-कॅमेरे घेऊन विजयदुर्गाला आली होती, युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला होते, आणि ही गोष्ट फारशी कुणी लिहीतच नाही. संदर्भासाठी लॉकियरचा स्वतःचा अहवाल आहे. विजयदुर्ग, देवगडकडचं कुणी हे वाचत असेल आणि हा परिच्छेद लिहायला घेणार असेल तर मला सांगा, तपासून द्यायला मी बसते.